ठिणगी केव्हा पडावी : हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांच्या टायमिंगविषयी

पॉइंट उघडतात तेव्हा ठिणगी पडते, मिटतात तेव्हा नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढे एक पक्के केले तरी पुष्कळ झाले. पॉइंटची दोन टोके एकमेकांना टेकलेली असतात तोवर कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो आणि गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र उभे राहते. कॅम पॉइंट उचलतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगच्या फटीत उडी घेतो. बांधकाम मोडावे आणि त्यातूनच काम व्हावे, असा हा उलटा प्रकार आहे. त्यामुळे ‘पॉइंट मिटला की करंट येतो’ एवढ्या समजुतीवर गॅरेजात वर्षे काढलेला माणूसही टायमिंग लावताना नेमका उलट्या बाजूला सरकतो.

दुसरी गोष्ट, ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी पडायला हवी. सिलिंडरातले मिश्रण फटाक्यासारखे एकदम उडत नाही. ज्योत प्लगपासून निघून भिंतीपर्यंत जाते आणि तिला साधारण दोन सहस्रांश सेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या होतात, म्हणजे एका सहस्रांश सेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. ज्योत पसरून दाब कळसाला पोहोचावा तो पिस्टन माथा ओलांडून बारा-पंधरा अंश खाली आल्यावर. तेव्हाच तो कनेक्टिंग रॉडला नीट ढकलू शकतो. हिशेब मांडला की ठिणगी माथ्याच्या एकवीस ते चोवीस अंश आधी पडायला हवी, हे आपोआप निघते. इंजिनाची गती वाढली की ज्योतीला लागणारा वेळ त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. ‘टायमिंग पुढे’ आणि ‘टायमिंग मागे’ हे गॅरेजातले शब्द याच अंशांबद्दल आहेत.

एवढेच असते तर कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा पाठ करून काम भागले असते आणि ही प्रस्तावना लिहावी लागली नसती. पण यवतमाळ जिल्ह्यात ज्या इंजिनांशी आपली गाठ पडते, त्यांच्याबाबत भागत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा प्रपंच.

ही इंजिने कोणती? १९६०च्या दशकापासून पुढची तीस-चाळीस वर्षे वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा या गावांच्या रस्त्यांवर जी दुचाकी-तिचाकी धावली, ती जवळपास सगळी हवेवर थंड होणारी होती. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत. म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा आणि पुढे येझदी. मद्रासची बुलेट. आकुर्डीच्या बजाजची आधी व्हेस्पा आणि १९७२पासून चेतक. त्याच साली आलेली, अहमदनगरच्या कायनेटिकची लुना. बजाजचीच मागे इंजिन असलेली रिक्षा. शेतात पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पाणी उपसण्याचे छोटे पंप. आज पाठीवर बांधून कपाशीवर फवारणी करायचे टू-स्ट्रोक पंपही याच कुळातले. आयशरचे १९५९पासून निघालेले जुने ट्रॅक्टर हवेवर थंड होणारे खरे, पण ते डिझेलचे. तिथे ठिणगी नाही. पिचकारी केव्हा मारायची हा प्रश्न मात्र तोच आहे. त्यांचे दुरून नाते मान्य करून आपण त्यांना या अभ्यासाच्या कुंपणाबाहेर ठेवू.

यातल्या बहुतेक इंजिनांना एकच सिलिंडर आहे. त्यांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रीब्यूटरची गरज नाही; पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल पुरते. बुलेटच्या टायमिंग केसला जोडलेला जो गोल डबा असतो, त्यात पॉइंट असतात आणि वेगाबरोबर उघडणारी दोन छोटी वजने असतात. वाटप काहीच नसते. पूर्ण अर्थाने डिस्ट्रीब्यूटर, म्हणजे टोपी, रोटर आणि प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी वेगळी केबल, आपल्याकडे लोकांनी पाहिला तो ॲम्बॅसॅडर, पद्मिनी आणि जीपमध्ये. ती इंजिने पाण्यावर थंड होणारी. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात डिस्ट्रीब्यूटर बघायचा तर जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलकडे जावे लागते. तिच्याकडे पुढे येऊच, कारण आपल्या एका सिलिंडरच्या इंजिनात जे लपून राहते ते तिच्या चार सिलिंडरांत उघडे पडते.

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. मॅग्नेटो स्वतःच वीज करतो, बॅटरी लागत नाही. चेतकच्या फ्लायव्हीलखाली जे आहे ते या घराण्यातले. दुसरे घराणे अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगचे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही त्याची मांडणी १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे जगभर पसरली. बुलेट याच वंशातली. केटरिंगच्या इग्निशनवर मात्र एक आळ आला. इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज, म्हणजे नॉकिंग, येतो, तो याच्या ठिणगीमुळे, असे लोक म्हणू लागले. दोष ठिणगीचा नसून पेट्रोलचा आहे हे दाखवण्यासाठी त्याने टॉमस मिजली या सहकाऱ्याला कामाला लावले. त्या शोधातून १९२१च्या डिसेंबरात पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती सापडली. नॉकिंग थांबले, शिसे मात्र जगाच्या फुप्फुसांत आणि रक्तात गेले. भारतभर शिशाचे पेट्रोल बंद व्हायला २००० सालचा फेब्रुवारी उजाडावा लागला. टायमिंगच्या एका तक्रारीने शतकभर केवढी मजल मारली, याचे मला अजून नवल वाटते. या विषयाला नुसती फिटरची कला समजणाऱ्यांनी एवढी गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा या इंजिनांत चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली सगळी उष्णता असते आणि ती दोन वाटांनी बाहेर पडते : हेड, सिलिंडर आणि पिस्टनच्या धातूतून, किंवा एक्झॉस्टमधून. माझे म्हणणे असे की टायमिंग ही शक्तीची बाब आहेच, पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ती त्याहून अधिक उष्णतेच्या वाटणीची बाब आहे. शेताच्या वाटणीत एकाच्या धुऱ्यावर सरी सरकली की दुसऱ्याच्या वाट्याची माती कमी होते, तसेच इथेही घडते. ठिणगी फार आधी पडली तर दाब आणि उष्णता पिस्टन वर येत असतानाच कोंडतात. हेड तापते, पिस्टनच्या माथ्यावर भार येतो, नॉकिंग सुरू होते आणि टू-स्ट्रोकमध्ये बेतली तर ॲल्युमिनियमच्या माथ्याला भोक पडते. ठिणगी फार उशिरा पडली तर ज्वलन पिस्टन खाली जाताना चालूच राहते. उष्णता कामाला न लागता एक्झॉस्टच्या पोर्टात आणि सायलेन्सरात जाते. वर शक्ती कमी पडते म्हणून चालवणारा ॲक्सिलेटर जास्त पिळतो, जास्त पेट्रोल जाळतो आणि एकूण उष्णता वाढवतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी तापवते, फक्त तापणारी जागा बदलते. ‘इंजिन तापते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीला ‘टायमिंग थोडं मागे घे’ हे उत्तर सरसकट देणे म्हणूनच धोक्याचे. आधी विचारायचे, तापते कुठे?

पाण्याच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. बाहेर थंडी असो वा ऊन, हेडचे तापमान तो एका पट्ट्यात ठेवतो. टायमिंगचा आकडा ठरवणाऱ्याला आधार मिळतो. हवेच्या इंजिनाला असा पहारेकरी नाही. समजा सिलिंडरच्या पाखांचे (फिन्सचे) तापमान २०० अंश आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या युरोपात हवा १५ अंशांची, तर फरक १८५चा. यवतमाळात मेमध्ये हवा ४५ अंशांची, तर फरक १५५चा. पाखांतून बाहेर पडणारी उष्णता याच फरकावर चालते, म्हणजे इथेच सहावा हिस्सा गेला. शिवाय तापलेली हवा विरळ. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा साधारण दहा टक्क्यांनी हलकी, म्हणून पाखांवरून जाणारे हवेचे वजन कमी. दोन्ही मिळून थंड होण्याची ताकद पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी : विरळ हवेमुळे सिलिंडरात भरणारे मिश्रणही कमी होते, म्हणून निर्माण होणारी उष्णताही थोडी घटते. निसर्ग अर्धी भरपाई करतो. उरलेली अर्धी चालवणाऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या डोक्यावर.

त्यात इंजिनांची जात महत्त्वाची. चेतक आणि बजाज रिक्षाला फ्लायव्हीलवरच पंखा असतो. तोच चुंबक, तोच पंखा, तेच वजनाचे चाक; ठिणगी आणि थंडावा एकाच तुकड्यातून निघतात. गाडी उभी असली तरी हवा फिरते. राजदूत, येझदी, बुलेट यांना पंखा नाही. त्यांना धावण्याचा वारा लागतो. ओझे लादून, मागून वारा येत असताना, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी राजदूत म्हणजे टायमिंगची खरी परीक्षा. सपाट रस्त्यावर, सकाळी, एकट्याने चालवून ‘मस्त लागलं’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी पाखांमध्ये चिखल घेऊन येते, वर ऑइल गळते, आणि दोन्ही भाजून घट्ट थर बसतो. ही माती उष्णता अडवते. पंख्याचे पत्र्याचे आवरण तुटलेले, स्क्रू हरवल्याने ते अर्धवट उघडे, हा दुसरा नेहमीचा प्रकार. अशा गाडीचे टायमिंग मागे घेऊन नॉकिंग थांबवता येते, पण तो दुखण्यावर पांघरूण घालण्याचा उद्योग आहे. आधी पाखे खरवडून साफ करा, आवरण बसवा, मिश्रण तपासा, मग टायमिंगला हात लावा.

टायमिंग आपणहून सरकते, ही गोष्ट मालकाला सहसा ठाऊक नसते. पॉइंटचा हलणारा हात कॅमवर एका फायबरच्या टाचेने घासत असतो. धुळीने आणि कोरडेपणाने ती टाच झिजते, फट कमी होते, आणि कमी फटीचे पॉइंट उशिरा उघडतात. टायमिंग हळूहळू मागे जाते. एका दिवसात काही कळत नाही; एक हंगाम गेल्यावर ‘गाडी ओढत नाही’ असे म्हणत मालक कार्बोरेटर उघडायला सांगतो. म्हणून क्रम ठरलेला : आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. फट बदलली की टायमिंग बदलतेच. फट न पाहता टायमिंग लावणे म्हणजे उद्या पुन्हा तेच काम करणे. बुलेटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेजची पाती हलक्या ओढीने सरकली पाहिजे, सैल नाही आणि अडकूनही नाही.

कंडेन्सरची बाब वेगळीच. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये म्हणून तो प्रवाह शोषून घेतो. क्षमता मायक्रोफॅरडच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आकार बोटाच्या पेराएवढा, आणि उन्हाळ्यात फसवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गाडी सकाळी पहिल्या किकला चालू. दहा-पंधरा किलोमीटर गेली की मिस मारते, मग बंद. बाभळीखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. लोक कार्बोरेटर, कॉइल, प्लग, टाकीचे झाकण सगळे बदलून पाहतात. आत इन्सुलेशन तापल्यावर फुटते आणि थंड झाल्यावर सावरते, म्हणून टेबलावर तपासताना तो निर्दोष ठरतो. पॉइंटवर निळसर-पांढरी मोठी ठिणगी दिसली तर संशयाला जागा नको.

आता बीटल. तिची चार सिलिंडर दोन-दोन करून आडवी, वर मोठा पंखा. पंख्याच्या आवरणात ऑइल कूलर उभा केलेला, आणि तो नेमका तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत. तिसरा बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापायचा. अभियंत्यांनी काय केले? डिस्ट्रीब्यूटरच्या कॅमवर तिसऱ्या सिलिंडरचा उंचवटा किंचित सरकवला, जेणेकरून त्याची ठिणगी काही अंश उशिरा पडेल. चौघांना मुद्दाम वेगवेगळे टायमिंग! पुढे १९७०-७१च्या सुमारास कूलरची जागा बदलली. तोवर कारखान्यातून निघणारी गाडीच सांगत होती की योग्य टायमिंग म्हणजे ठरलेला आकडा नव्हे, त्या सिलिंडराला मिळणारी हवा बघून काढलेला निकाल होय. आपला राजदूतवाला जर पुस्तिकेत नसलेले एखाद-दुसरे अंश मागे घेऊन वैशाख काढत असेल, तर तो अडाणीपणा नसून तेच तत्त्व आहे. अट एवढीच की पाखे साफ असावीत आणि मृगाचा पाऊस पडल्यावर त्याने टायमिंग पुन्हा जागेवर आणावे.

अंश आणि मिलिमीटर यांची गल्लत नवख्यांना हमखास होते. बुलेट ३५०ला वजने मिटलेली असताना पिस्टन माथ्याच्या सुमारे ०.८ मिमी आधी असावा असे सांगतात. तिचा स्ट्रोक ९० मिमी. माथ्याजवळ पिस्टन अगदी सावकाश सरकतो, म्हणून हे ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे जवळजवळ दहा अंश. पॉइंट उचलणारा कॅम मात्र क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे ते पाचच अंश. डब्याच्या कडेवर दीड-दोन मिमी. बोटाने डबा फिरवणाऱ्याला कल्पनाही नसते की आपण केवढी उलथापालथ करत आहोत. टायमिंग फार पुढे गेले तर बुलेट उलटी किक मारते, आणि घोट्याला ती आयुष्यभर आठवते.

साधनांची यादी मोठी नाही. बुलेटला ॲमीटर असतो; चावी चालू ठेवून इंजिन हाताने सावकाश फिरवले की पॉइंट उघडताच काटा शून्यावर येतो. याहून सोपा सूचक कोणी देणार नाही. बॅटरीच्या गाडीवर पॉइंटला छोटा बल्ब लावूनही क्षण पकडता येतो. चेतकसारख्या मॅग्नेटोवर बल्ब फसवतो, कारण कॉइल आधीच बॉडीला जोडलेली. तिथे पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद अडकवून हलके ओढत राहायचे आणि तो सुटेल ती जागा धरायची. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून माथा शोधणारे बरेच आहेत. माथा शोधायला तो ठीक, पण ०.८ मिमी मोजायला डायल गेज घ्यावा. स्पोक वाकडा बसला की सगळे आकडे वाकडे.

फ्लायव्हीलखालची अर्धचंद्राकृती की विसरू नये. ती कापली गेली की चाक शाफ्टवर सरकते. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, आणि इंजिन चालू होत नाही. फवारणी पंपात पॉइंट नसतात, इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो असतो, म्हणून ‘यात टायमिंगच नाही’ असे मानले जाते. टायमिंग आहे; ते त्या कीमध्ये आहे.

१९८०च्या दशकात शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेऊन आल्या आणि पॉइंट घासणाऱ्यांची गरज कमी होत गेली. चांगलेच झाले, रोजच्या वापराला मी स्वतः कुणाला पॉइंटची शिफारस करणार नाही. मात्र कायद्याने एक गंमत केली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात राखली असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात. पण ती प्रदर्शनाला आणि रॅलीला, रोजच्या कामाला नव्हे. पहिल्या चेतकने ही वयाची अट पार केली आहे. शहरात तिला पॉलिश लागते. इकडे खेड्यात तीच गाडी दुधाचे कॅन घेऊन फाट्यावर येते, आणि तिच्या मालकाला मूळ रंगापेक्षा मूळ फ्लायव्हील महत्त्वाचे.

इंधनाचा प्रश्न ताजा आहे. पंपावरचे पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉकिंगची भीती कमी होते, म्हणजे टायमिंगला थोडी मोकळीक मिळते. पण त्याला जळायला हवा कमी लागते. जुन्या जेटचा कार्बोरेटर तेवढेच इंधन सोडतो, आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. पातळ मिश्रण सावकाश जळते, एक्झॉस्ट तापतो, आणि टायमिंग न हलवताही ते मागे गेल्यासारखी गाडी वागते. इथे उपाय जेटमध्ये आहे. टायमिंग पुढे घेऊन पातळ मिश्रण झाकायचा मोह मेच्या उन्हात महागात पडेल. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचे उलटे : ऑक्टेन घसरतो, चढावर टणटण ऐकू येते, आणि त्यावर टायमिंगने नव्हे तर पंप बदलून तोडगा काढावा.

पुढची प्रकरणे आयटीआयच्या मुलांसाठी, गॅरेजातल्या हाताखालच्या पोरांसाठी आणि घरी आजोबांची गाडी झाकून ठेवलेल्या हौशी लोकांसाठी लिहिली आहेत. सुरुवात प्लग काढून त्याचा रंग पाहण्यापासून होते, म्हणून पहिले पान उघडण्याआधी प्लग पाना, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, स्वच्छ फडके आणि चेतकवाल्यांनी फ्लायव्हील पुलर जवळ ठेवावा. इंजिन पूर्ण थंड असू द्या. तापलेल्या हेडातून प्लग काढताना ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग टायमिंगच्या आधी हेलीकॉइलचे प्रकरण वाचावे लागते.